तिसरा लेमा

लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाआधीची छोटी पायरी. माझ्या नावावरच्या पेपरातला तिसरा लेमा माझा नाही. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली.

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात गणित शिकवत होतो आणि ग्राफ थिअरीत संशोधन करत होतो. बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा, एवढंच आमचं भांडवल. माझा पेपर एका जागी दोन वर्षं अडला होता. मधल्या सुट्टीत शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याने एक पाठकोरा कागद पुढे सरकवला.

"सर, रेघ कशाला पुसत बसलात? अख्खा बिंदूच उपटा ना. बघा सुटतंय का."

सुटलं.

मुंबईच्या एका प्राध्यापकांनी त्याला सांगितलं होतं, एक पेपर दाखवा, मग पीएच.डी.ला घेतो. हे मला ठाऊक होतं. पण विद्यापीठात जागा निघणार होती, आणि दोन नावांचा पेपर तिथे अर्धाच धरतील अशी मला धास्ती होती. मी पेपर एकट्याच्या नावाने टाइप करून घेतला.

टाइपरायटरवर गणिताची चिन्हं नसत. टायपिस्ट जागा मोकळ्या सोडायचा, मग त्या शाईने भरायच्या. विभागात ते काम त्या सहकाऱ्याचं, कारण अक्षर त्याचं सुरेख. सवयीने मी ती पानं त्याच्यापुढे ठेवली. ठेवल्यावर लक्षात आलं, आपण काय केलं ते.

त्याने पहिल्या पानावरचं नाव वाचलं. मग शेवटचं पान उलटलं. आभारांत ग्रंथपालसुद्धा होते, तो नव्हता. त्याने पेन उघडलं आणि चिन्हं भरायला लागला. तिसऱ्या लेमापाशी थांबला.

"इथे एक अट राहिलीय. घालू?"

"घाला."

"नायतर परत पाठवतील हो तुमचा पेपर."

पेपर छापून आला. त्यानंतर त्याने मला एकही कागद दाखवला नाही, आणि त्याची पीएच.डी. कधीच झाली नाही.

विद्यापीठाच्या मुलाखतीत एका तज्ज्ञाने नेमकं तेच विचारलं, "बिंदू काढायचं सुचलं कसं तुम्हाला?"

मी उठून फळ्यापाशी गेलो आणि कसं सुचलं ते सविस्तर सांगितलं. जीभ एकदाही अडखळली नाही.