बेलभंडारा उचलून वाइनच्या गावात

नववीत शाळा सोडलेल्या माणसाला कंपनी विमानात बसवील, हे आमच्या पाचोडकडं कुणाला खरं वाटलं नाही. मलाही नाही. पण शेंद्र्याच्या कारखान्यात मी बाटल्यांना बूच लावायची मशीन जोडायचो, आणि तशी एक मशीन पोर्तुगालात समुद्रकाठच्या गावी गेली. तिच्यामागं मी.

निघताना मायनं खंडोबापुढं बेलभंडारा उचलायला लावला. दारू पिणार नाही, अशी शपथ. बाप दारूतच गेला, आधी मेंढरं गेली. भंडाऱ्याची पुडी खिशात घेऊन मी उतरलो ते थेट वाइनच्या कारखान्यात.

तिथली मालकीणबाई सत्तरीची. पहिल्याच आठवड्यात मला ताप आला, तर तिनं मऊ भात करून उशाशी आणून ठेवला. रविवारी तिनं दोन सायकली काढल्या, आसपासच्या वायनऱ्या दाखवते म्हणाली. समुद्राच्या कडेनं रस्ता, चिटपाखरू नाही. बाई पुढं, मी धापा टाकत मागं.

पहिल्या वायनरीत मेजावर पाव, चीज आणि एक बादली. मला वाटलं, खाण्याआधी चूळ भरायची सोय. जवळचं पाणी तोंडात घेतलं, खळखळवलं, बादलीत थुंकलो. सगळे कौतुकानं माना हलवायला लागले. मग दिसलं, ही माणसं वाइनही तशीच तोंडात घोळवतात आणि थुंकतात! माझ्यापुढं पेला आला. बाई आशेनं बघत होती. पोटावर हात ठेवून पोट बिघडल्याचं दाखवलं. तिचा चेहरा काळजीनं एवढासा झाला.

दुसऱ्या ठिकाणी पुन्हा पेला. थुंकली तर पिली धरायची का नाही? डोकं चालेना. बाहेर येऊन मायला फोन लावला, पोटाच्या सोंगासकट सगळं सांगितलं.

"थुकायचीच तर तोंडात घेतेत कशाला?"

"चव बघायला, माय."

"लई शिकलेली दिसतेत."

"ते जाऊ दे. चालंल का?"

"मला काय इचारतो? भंडारा तू उचलला. बाई कशी हाय?"

"लई चांगली हाय."

"मग तिला खरं सांग की, येड्या. पोटाचं सोंग कशाला?"

आत जाऊन पुडी उघडली. "गॉड. मदर. नो वाइन." माझं इंग्रजी तिथंच संपलं. बाईनं पुडीतला पिवळा भंडारा हुंगला, माझा पेला उचलून बादलीत ओतला आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मला रडूच यायचं बाकी होतं.

तिसऱ्या वायनरीत तोडणी चालू होती. बाई आपल्या भाषेत मालकाला काहीतरी म्हणाली, आणि त्यानं पिंपातून द्राक्षांचा रस आणून दिला. गोड, जिभेला जरा चुणचुणणारा. मी एक पेला संपवला, दुसरा अर्धा केला. मग पिंपात डोकावलो. रस आपोआप बुडबुडत होता.

"वाइन?" मी विचारलं.

"स्टार्टिंग," मालक हसत म्हणाला.

बाईचं हसू उडालं. ती मालकावर तडतडली, मग माझा हात धरून "सॉरी, सॉरी" करत राहिली. मी म्हणालो, ज्यूस, ज्यूस. तिला धीर द्यायला म्हणालो का स्वतःला, सांगता येत नाही. द्राक्षं तर मी लहानपणापासून खातो. पण ती बुडबुडत नव्हती.

उरलेला अर्धा पेला मी मेजावर ठेवला आणि सायकल काढली. परतताना बाई वळून वळून विचारायची, "ओके?" मी दर वेळी मान हलवायचो. संध्याकाळी मायचा फोन वाजला, तेव्हा तिला काय सांगायचं ते माझं ठरलेलं नव्हतं. तरी उचलला.