कडी नसलेलं दार

पडदेवाल्या मावशी ते घर बघायला गेल्या तेव्हा त्यांनी घर बघितलंच नाही. घरातून पलीकडचं बघितलं. पुढचं दार सताड उघडं. मागचं दार त्याच्या अगदी नाकासमोर, तेही सताड उघडं. आणि त्या मागच्या चौकटीत उताराचं गवत, ओढ्यावरचा छोटा लाकडी पूल आणि पुलापलीकडे धूसर निळी टेकडी. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खिडक्यांची मापं घेत हिंडलेल्या बाईचा जीव त्या एका चौकटीवर जडला. घर विकणारा जुन्या मालकाचा पुतण्या होता. तो एवढंच म्हणाला, "हवा खेळती राहते बघा."

तो काही खोटं बोलला नाही. हवेच्या जोडीनं आणखी काय काय खेळतं, तेवढं सांगायचं त्यानं टाळलं. तो बाजाराचा दिवस होता, गावात चिटपाखरू नव्हतं, आणि तो दिवस त्यानं उगीच निवडला नव्हता, हे मावशींना मागाहून कळलं.

या घराचं मावशींना एवढं वेड का लागलं, ते कळायला त्यांची शहरातली खोली डोळ्यांपुढे आणायला हवी. जिन्याच्या तोंडाशी एकच खोली. वर राहणारं प्रत्येक बिऱ्हाड त्यांच्या दारावरून चढायचं आणि उतरायचं. उजेड काय तो दाराशी, म्हणून शिवणयंत्र दाराशी. यंत्र दाराशी म्हणून दार उघडं. आणि दार उघडं म्हणून येणारा-जाणारा मान वाकडी करून आत बघायचाच. आज काय शिजतंय, कोण आलंय, मावशींचे डोळे का सुजलेत. त्याच दाराशी बसून मावशींनी शहरभरच्या खिडक्या झाकल्या. लेक पाळण्यातून शाळेत गेली, शाळेतून कॉलेजात, कॉलेजातून सासरी, आणि मावशींच्या स्वतःच्या दाराला मात्र तोच एक विटका पडदा, तोही उजेड अडतो म्हणून सदा वर खोचलेला.

नवरा बसवर कंडक्टर. तो निवृत्त झाला तेव्हा म्हणाला, "आता सांग, तुला कसं घर हवं?"

मावशी म्हणाल्या, "कसंही चालेल. आतून लावून घेता येईल असं एक दार असलं की झालं."

तर असं ते दार बघायला त्या एवढ्या लांब आल्या.

पहिल्या रात्री दोघं दमून दारं नुसती लोटूनच झोपली. पहाटे मावशींना अर्धवट जाग आली तेव्हा घरात धुकं होतं. ते मागच्या दारानं आलं होतं, गुडघ्याएवढं उंच, आणि पुढच्या दाराकडे शहाण्या पाहुण्यासारखं संथपणे निघालं होतं. घराच्या मधोमध लांबलचक बोळासारखी जागा होती. तिच्या डाव्या हाताला सलग भिंत आणि उजव्या हाताला नुसते खांब. खांबांच्या आड निजायची जागा, स्वयंपाकघर आणि शेवटी एक अंधारी कोठी. मावशी गादीवरून बघत होत्या. धुक्यावर दुधाच्या दोन किटल्या तरंगत आल्या आणि तरंगत गेल्या. मागोमाग एक बदक गेलं, त्याची नुसती मान दिसत होती. स्वप्न बरं आहे, असं वाटून मावशी कूस बदलणार, तोच शेजारी नवरा झोपेतच ओरडला, "पुढे चला, पुढे चला! दारात थांबू नका!"

किटल्यांचा वेग वाढल्याचं मावशींना स्पष्ट ऐकू आलं.

ते स्वप्न नव्हतं. उजाडल्यावर आणखी माणसं गेली. शाळेच्या बाई छत्री मिटून गेल्या. एक माणूस खांद्यावर शिडी घेऊन गेला. सगळे एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर, खाली मान, तोंडातून चकार शब्द नाही. मावशी धावत जाऊन मागचं दार लावायला गेल्या, तर दाराला कडीच नव्हती. तुटली असेल म्हणावं तर भोकंसुद्धा नव्हती. त्या दाराला कधी कडी लागलीच नव्हती, आणि पुढच्यालाही नाही.

शिडीवाला निघाला सुतार. नवऱ्यानं त्याला अंगणात गाठला तेव्हा उलगडा झाला. घराच्या एका बाजूला भलामोठा खडक, दुसऱ्या बाजूची दरड कायम ढासळणारी. वरच्या घरांना पुलाकडे उतरायला वाट ती एवढीच. वाट आधीची, घर नंतरचं. "जुन्या मालकाच्या आजोबांना जागा आवडली," सुतार म्हणाला. "लोक म्हणाले, बांध की घर, वाट तेवढी ठेव. त्यांनी ठेवली."

"मग आम्हाला सांगायचं नाही का कुणी?"

"तुम्हाला माहीत नव्हतं?" सुतार चकित होऊन म्हणाला. "आम्हाला वाटलं, म्हणूनच घेतलंत."

नवऱ्यानं हे घरात येऊन सांगितलं, आणि सांगताना त्याच्या मिशा हसत होत्या. गर्दीवाचून सुकत चाललेला माणूस; त्याला घरबसल्या प्रवासी मिळाले होते. "अगं, तिकीट लावलं असतं तर..." तो म्हणाला, आणि मावशींचा चेहरा बघून वाक्य गिळलं.

"जन्मभर जिन्यात बसले मी," मावशी म्हणाल्या. "आता रस्त्यात आणून बसवलंत. ऐका, त्या दाराला कडी लागली तर मी इथे राहीन. नाहीतर मी निघाले लेकीकडे, तुम्ही बसा गाडी हाकत."

मावशी तोलून-मापून बोलणाऱ्या. कापड एकदा कापलं की कापलं, हे नवऱ्याला ठाऊक होतं. तो निमूटपणे सुताराच्या मागे लागला. सुतार म्हणाला, "उद्या." मावशींनी एकदा त्याला घरातच अडवलं, तर तो बिचकून काही न बोलता भराभर मागच्या दाराबाहेर गेला आणि तिथून वळून म्हणाला, "उद्या नक्की!"

"पळपुटा," मावशी म्हणाल्या.

खरं तर त्यांना वाटेपेक्षाही जास्त लागली होती ती माणसांची घुमी चाल. आपल्या घरातून जातात आणि साधं 'काय, कसं काय' नाही? यांच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं. नवऱ्यालाही ते लागलं. तो रोज खांबाला टेकून उभा राहायचा, "या, या" म्हणायचा, आणि लोक बिचारे कान लाल करून निघून जायचे. हळूहळू त्याचं झोपेतलं "पुढे चला"ही थांबलं. मावशींनी तर बाहेर पाऊल टाकणंच सोडलं. त्यांनी यंत्र उघडलं.

जाड करड्या कापडाचा एक पडदा त्यांनी पहिल्या खांबापासून शेवटच्या खांबापर्यंत टांगला, जमिनीला टेकेल असा. मग डावी भिंत. त्या भिंतीवर कमरेच्या उंचीला या दारापासून त्या दारापर्यंत एक काळपट, तेलकट पट्टा होता. मावशींनी तो घासला, पुसला, वर चुनाही लावून बघितला. तो आपला पुन्हा वर यायचा. शेवटी त्यांनी शहरातून आणलेले सगळे उरलेसुरले तुकडे जोडून, फुलांत फुलं मिळवून, चुण्या घालून ती भिंतही झाकली. काम संपलं तेव्हा वारा आला आणि दोन्ही पडदे एकदम फुगले. घर एखाद्या जहाजासारखं कुठेतरी निघाल्यासारखं वाटलं. मावशी त्याकडे बघत राहिल्या. आता फक्त कडी.

सुतार म्हणाला, कडीच नाही माझ्याकडे. तेव्हा मावशी स्वतः बसनं तालुक्याला जाऊन चांगली जाडजूड पितळी कडी घेऊन आल्या. नवरा बरोबर होता. परतताना बसच्या कंडक्टरशी त्याच्या गप्पा रंगल्या आणि तो थांब्यावरच रेंगाळला. मावशी एकट्याच पुढे आल्या. दुपार उतरली होती. घरात मागच्या दारातून पिवळा उजेड लांबवर पसरला होता, आणि त्या उजेडात करडा पडदा एके ठिकाणी बाजूला सरकला होता.

आत, मावशींच्या गादीवर, एक म्हातारी गाढ झोपली होती. काठी उशाशी, मातीनं भरलेले पाय नव्या चादरीवर.

मावशींच्या तोंडात जे आलं ते मोठं होतं, पण म्हातारी इतकी सुखानं झोपली होती की ते तिथेच विरघळलं. त्या नुसतं म्हणाल्या, "आजी... अहो आजी."

म्हातारीनं डोळे उघडले. त्यांवर दुधावर असते तशी साय होती. "कोण गं? देवाघरची का तू?"

"मी या घरची."

"अगंबाई! म्हणजे मी मेले नाही?" आजी उठून बसली. तिला थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं. "मला मेलीला उजेड तेवढा दिसतो. पुलापलीकडे बहीण आहे माझी, रोज भांडायला जाते तिच्याकडे. आज आत शिरले, तर भिंतच सापडेना. हाताला सगळं मऊ. म्हटलं, धरू आणि चालू. चालता चालता गादीच लागली. एवढं मऊ, म्हणजे तिकडचंच असणार, असं वाटलं. मग पडले निवांत."

मावशींना हसू आवरेना, आणि हसता हसताच त्यांची नजर समोरच्या फुलांच्या पडद्यावर गेली.

"इथे भिंतीला एक गुळगुळीत ओळ होती गं," आजी म्हणाली. "तीच धरून मी आतापर्यंत गेले-आले. माझी आई पण तशीच जायची. कुठे गेली?"

मावशी तिला हात धरून बोळात घेऊन गेल्या. फुलांचा पडदा त्यांनी वर उचलला आणि आजीचा हात त्या काळपट पट्ट्यावर ठेवला. हात लगेच ओळखून पुढे सरकला. मावशींनीही आपला तळवा तिथे टेकला. इतके दिवस त्यांनी तो पट्टा घासला होता, पण हात लावून बघितला नव्हता. तो थंड होता आणि मऊसूत. त्यांच्या शिवणयंत्राच्या फळीवर, कापड सरकवून सरकवून जिथे पॉलिश उडालं होतं, तिथे अगदी असंच लागायचं.

"एक विचारू आजी?" मावशी म्हणाल्या. "तुमची माणसं आमच्याशी बोलत का नाहीत? घरातून जातात आणि बघतसुद्धा नाहीत."

आजी काही बोलली नाही. मावशींचा हात घट्ट धरून ती भिंतीच्या कडेकडेनं मागच्या दारापर्यंत आली, पायरी चाचपडली, उतरली, आणि बाहेर उन्हात उभी राहिल्यावर खणखणीत आवाजात म्हणाली, "वेडी का काय तू? कुणाच्या घरातून जाताना बघतात होय? तुझी गादी, तुझी चूल, तुझं रडणं-हसणं. आत मान खाली, तोंड बंद, पाय चालते. मघाशी चुकून बोलले मी आत, पण ती माझी झोप बोलली. बाहेर आलं की मग बोला हवं तेवढं! आम्ही आपले रोज इथे थबकतो. म्हणतो, नवी बाई बाहेर कधी येते? तू येतेस कुठे पोरी?"

साठी ओलांडलेल्या मावशींना कुणी 'पोरी' म्हणून किती काळ लोटला होता, ते त्यांनाच आठवेना. त्या मागच्या दाराबाहेर उभ्या होत्या. दाराच्या आतून जे चित्र दिसायचं, त्या चित्रात. गवत पायांना लागत होतं. जिन्यातली ती वाकडी मान करणारी माणसं त्यांना आठवली. दाराबाहेरूनच जाणारी आणि तरी सगळं बघणारी. आणि इथे किटल्या, छत्र्या, शिड्या घरातून गेल्या होत्या आणि त्यांच्या सुजलेल्या डोळ्यांकडे एकानंही बघितलं नव्हतं.

पुलावरून नवरा येत होता, पाय ओढत. त्याच्या मागे सुतार, हत्यारांची पिशवी घेऊन. नवऱ्यानं त्याला अखेर धरून आणलं होतं, आणि दोघांचेही चेहरे उतरलेले होते.

"मावशी, आणलीत कडी?" सुतार अंगणातूनच म्हणाला. "लावतो. कुठे लावायची ते दाखवा." त्याची नजर मागच्या दारावर होती.

मावशींनी पिशवीतून कडी काढली. पितळ उन्हात चमकलं. नवरा दुसरीकडे बघू लागला.

"त्या शेवटच्या कोठीला," मावशी म्हणाल्या. "आतून. तिथे माझं यंत्र ठेवायचंय. आणि एक खिडकी काढून द्या, नाकासमोर पूल दिसेल अशी."

"आणि हे दार?" नवऱ्यानं वळून विचारलं.

"या दाराचं काय? त्याला काय धाड भरलीय? हवा खेळती राहते." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "आणि तुम्ही उद्यापासून खांबाशी उभं राहायचं नाही. इथे अंगणात स्टूल टाकून बसा. काय ते 'पुढे चला' इथे म्हणा."

"इथे 'पुढे चला' कशाला म्हणू?" नवरा म्हणाला. "इथे 'जरा थांबा' म्हणेन."

फुलांचा पडदा त्याच संध्याकाळी उतरला. करडा तसाच राहिला, तो राहायलाच हवा होता. भिंत जिथे संपते आणि पायरी सुरू होते, तिथे मावशींनी फुलांच्या कापडाचा एक गोंडा बांधला. हाताला गोंडा लागला की समजावं, आता पाय जपून.

कोठी तयार झाली त्या दिवशी मावशी आत गेल्या आणि त्यांनी कडी लावली. कडीचा आवाज जसा त्यांनी मनात ऐकला होता तसाच आला, जाड आणि पक्का. त्या यंत्रापुढे हात मांडीवर ठेवून बसल्या. कुणी बघत नव्हतं. खिडकीत पूल होता, पुलावर धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. दाराबाहेर बोळातून कुणीतरी चाललं होतं. भिंतीवरून हात सरकत होता, इस्त्री फिरावी तसा हलका आवाज. मग गोंडा हलला असावा, कारण पाऊल क्षणभर थबकलं आणि जपून उतरलं. मग बाहेरून काठी आपटल्याचा आणि नवऱ्याच्या हसण्याचा आवाज.

आजच्या भांडणाचा विषय काय असेल बरं?

मावशींनी कडी काढली, करडा पडदा सारला, तोंड मिटून मान खाली घालून आपल्याच घरातून भराभर चालत गेल्या, आणि पायरी उतरल्याबरोबर म्हणाल्या, "थांबा आजी, पहिल्यापासून सांगा."