कापून ठेवलेली तिकिटं

टाळेबंदीत मी शिकवते ती शाळा बंद पडली आणि मी परदेशातल्या अनोळखी माणसांना पोस्टकार्डं पाठवू लागले. फेसबुकवर एक गट होता, त्यात पत्त्यांची यादी असायची. आपण एकाला लिहायचं, आपल्याला भलताच कुणीतरी लिहायचा. बेलापूरहून पोस्टमन आमच्या गावात यायचा, तो दोन-तीन महिन्यांपूर्वी निघालेली कार्डं आणायचा.

फिनलंडमधल्या एका बाईनं लिहिलं होतं, "नवरा गेला. दफनाला चौघांनाच परवानगी मिळाली. हे मी अजून कुणाशी बोललेले नाही." खाली बारीक अक्षरात पत्ता होता. तिला काय लिहावं ते मला सुचत नव्हतं, म्हणून उत्तर राहिलं होतं.

कार्ड उघडंच असतं. किराणा दुकानापासून पारापर्यंत सगळ्यांनी माझी कार्डं उलटसुलट करून पाहिली. मजकूर कुणी वाचला नाही, परदेशी तिकीट मात्र सगळ्यांना दिसलं. आधी म्हणाले, बाई कोरोना मागवतीय. मग, आम्ही ख्रिस्ती, म्हणून दुसरं सुरू झालं: यांना बाहेरून पैसा येतो. आजोबा, पप्पा आणि आता मी, आमची तिसरी पिढी याच गावातल्या पोरांना शिकवतेय. आणि त्या दिवसांत मी कोरोना सर्वेक्षणाच्या कामावर ऑक्सिमीटर घेऊन याच लोकांच्या दारोदार फिरत होते, त्यांची बोटं धरत होते.

एका दुपारी सर्वेक्षणाहून परत आले, तर कार्डांचा बिस्किटाचा डबा रिकामा.

"पप्पा, माझी कार्डं?"

"पाटलांकडे," ते म्हणाले. वर पाहिलंसुद्धा नाही.

मी तशीच पोलीस पाटलाच्या घरी गेले. तो ओट्यावर बसला होता, मास्क हनुवटीखाली.

"माझी कार्डं परत द्या. कुणाच्या हुकमानं नेलीत?"

"बाई, मी न्हाई मागितली. गुरुजी आपन होऊन आले. म्हनले, बघून घ्या, आमच्या घरात लपवन्यासारखं काय न्हाई."

"बघितलीत ना? मग द्या."

तो अंगणातल्या बंबाकडे बघायला लागला. "गुरुजीच म्हनले, जाळून टाका. रोगाचं दिस हायेत, आमी तरी कशाला ठिवावं?"

इतका वेळ जो राग मी त्याच्यासाठी घेऊन आले होते, तो आता कुठे ठेवावा ते कळेना. परत फिरले.

घरी पप्पांनी एक पाकीट पुढे केलं. आत तिकिटं होती, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं नीट चौकोनी कापलेली. "तुझा छंद मोडायचा नव्हता मला," ते म्हणाले. "तेवढी काढून घेतली."

"मी तिकिटं जमवत नव्हते."

"मग काय जमवत होतीस?"

माझा आवाज चढला. एका बाईचं दुःख तुम्ही पाटलाच्या अंघोळीच्या पाण्याखाली जाळलंत, असं मी म्हणाले. त्यांना काही समजलं नाही. "तू नोकरीत आहेस," ते म्हणाले. "उद्या कुणी तक्रारीचा अर्ज केला तर? मी सबंध नोकरी या गावात मान खाली घालून केली, म्हणून सुखानं निवृत्त झालो."

"म्हणून तर यांना सवय लागली."

पप्पा उठून आत गेले. मम्मीनं जेवायला हाक मारली, तेव्हा आम्हा दोघांपैकी कुणीच गेलं नाही.

त्या बाईला मी गटात शोधलं. तिनं सही नुसत्या पहिल्या नावाची केली होती, आणि त्या नावाच्या बऱ्याच निघाल्या. विचारलं, कुणी ओळख दिली नाही. तिच्या तिकिटावर शिक्का होता, पण कात्रीखाली गावाचं अर्धं नाव गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा सर्वेक्षणाला जायचंच होतं. किराणावाल्यानं बोट पुढे करून विचारलं, "काय बाई, बाहेरून आलं का काही?" मी आकडा लिहिला आणि पुढच्या घरी गेले. तेव्हा काही बोलले नाही, याचा मला अजून राग येतो.

आता कार्डं शाळेच्या पत्त्यावर येतात आणि शाळेच्याच कपाटात राहतात. पप्पा कधीतरी विचारतात, "हल्ली काही येत नाही का गं तुला?" मी नाही म्हणते. ते घाबरले होते, म्हातारे आहेत, सोडून दे, असं मम्मी सांगते. मला ते जमलेलं नाही.