हाताला कळणारी फियाट

खराडीच्या हिंमतरावांकडे जमिनीचे पैसे आले, तेव्हा त्यांनी आधी काय केलं असेल, तर जुनी फियाट विकून मोठी नवी गाडी घेतली. सगळं घर हरखलं. ड्रायव्हर भीमरावांनी मात्र धास्ती घेतली.

भीमरावांचे कान दोन वर्षांपासून जात चालले होते. हे फक्त त्यांच्या बायकोला, शालनला ठाऊक होतं. "अहो, डॉक्टरला दाखवा," ती ओरडून सांगायची. डॉक्टर काय, कानात बघून नोकरीच काढून घ्यायचा!

फियाटमध्ये कान लागतच नव्हते. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा हातात थरथरायचा, पायाखालचा पत्रा हादरायचा. इंजिन कुरकुरलं तर तळव्यांना कळायचं. नवी गाडी चालू आहे की बंद, हेच समजेना. पहिल्याच आठवड्यात त्यांनी चालू गाडीची चावी पुन्हा फिरवली. "झोप झाली नाय का, भीमराव? केवढी किंचाळली गाडी!" हिंमतराव हसले. भीमरावही हसले, पण शर्ट घामाने पाठीला चिकटला होता.

तेव्हापासून भीती मानगुटीवरच बसली. नोकरी जाण्याची होतीच, त्याहून मोठी आपल्या हातून कुणी चिरडलं जाण्याची. मागे काही आडवं आलं की गाडी पीं-पीं करते, असं शोरूमवाल्याने कौतुकाने सांगितलं होतं. भीमरावांना ते एकदाही ऐकू आलं नाही. आरशांवर भागवणं चाललं होतं.

एका रविवारी अंगणातून गाडी मागे घेताना त्यांना आरशात हिंमतरावांच्या आई, मथुराबाई दिसल्या. दोन्ही हात वर, तोंड वासलेलं. भीमरावांनी ब्रेकवर पाय मारला. उतरून पाहतात तो चाकापासून वीतभर अंतरावर हिंमतरावांची नात वैष्णवी मातीत खेळत बसलेली.

हिंमतराव घरातून धावत आले आणि अगदी त्यांच्या कानाशी ओरडले, "तुमची चूक नाय, भीमराव! सेन्सरच बोगस हाय. उद्या त्या शोरूमवाल्याकडं बघतो."

सुटका आयती चालून आली होती. नुसती मान हलवायची होती. भीमरावांनी पोरीकडे पाहिलं.

"अण्णा, गाडी बोंबललीच असणार. मलाच ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली."

मथुराबाईंनी वैष्णवीला उचलून पोटाशी घट्ट धरलं, आणि ज्यांनी तिला दवाखान्यातून पहिल्यांदा घरी आणलं होतं, त्या भीमरावांपासून त्या पार भिंतीपर्यंत मागे सरल्या.