धर्मापुरीच्या मावशीचं पायथन

माझ्या थोरल्या मावशीइतकी मन लावून मोबाइलशी भांडलेली बाई अख्ख्या बीड जिल्ह्यात नसेल. धर्मापुरीत राहणारी, सातवी शिकलेली, अकरा शेळ्यांची मालकीण. एकुलती लेक पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीला गेली आणि जाताना आईच्या मोबाइलवर पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, घालून गेली. आईचा दिवस जावा म्हणून ती रोज एक सोपं कोडं पाठवी. दोन आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन लिही, नाव उलटं करून दाखवणारं फंक्शन लिही. मावशी शेळ्या चारता चारता ते सोडवी, आधी वहीत पेन्सिलीनं, मग मोबाइलवर एका बोटानं. फंक्शनांना नावं शेळ्यांची. "फंक्शन म्हंजी काय, एकदा काम शिकवायचं, मग नुस्ती हाक मारायची," असं ती शेजारणींना समजावून सांगे. लाल अक्षरांत चूक दिसली की मोबाइल पालथा घाली आणि म्हणे, "बस आता तसाच."

एकदा कोडं होतं, दोन आकड्यांतला मोठा कोणता ते सांगणारं फंक्शन. मावशीनं ते लिहिलं आणि मुद्दाम वीस अन् वीसच घालून पाहिलं. उत्तरच येईना. "दोनी सारके असले तर काय करावं, ह्ये कुणी सांगितलंच न्हाई त्याला," ती मला म्हणाली. लेकीनं ही गोष्ट ऑफिसात सगळ्यांना सांगितली, आणि मावशी चार दिवस गावातून जरा ताठ चालली.

पुढे लेकीचं काम वाढलं. फोन कमी झाले. कोडी येत राहिली, पण मावशीच्या चुका लई वाढल्या. कधी कंस राही, कधी ओळ आत सरकवायची राही. मग लेक फोन करून समजावी. मला वाटलं, मावशीचं वय झालं.

गेल्या रविवारी मी परळीहून तिला भेटायला गेलो. ती शेळ्यांना पाणी पाजत होती. ओट्यावर वही उघडी होती, शेजारी मोबाइल. वहीत त्या दिवशीचं कोडं बिनचूक सोडवलेलं. लेकीला धाडलेल्या उत्तरात मात्र कंस गाळलेला.

"मावशे, वहीत तर बरोबर हाय की."

"हाय ना," ती बादली खाली ठेवत म्हणाली. "बरोबर धाडलं की ती नुस्ता अंगठा धाडती. चुकलं तर बोलती."

तेवढ्यात फोन वाजला. पदराला हात पुसून मावशीनं तो घेतला.

"आई, शेवटचा कंस कुठंय?" लेकीचा आवाज मलाही ऐकू आला.

"कोणता कंस, माय? नीट सांग," असं म्हणून मावशी भिंतीला टेकून बसली. लेक सांगत गेली. मावशीनं ते तिच्याकडून तीन वेळा समजावून घेतलं.