डॉक्टरांच्या झाडाचं पान

हसायचंच असेल तर मी चहा गाळेपर्यंत हसून घ्या बाई, कारण एकदा सांगायला बसले की मला मध्ये थांबता येत नाही. असा पराक्रम केलाय मी!

माझी लेक आर्या. अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलेना. सगळं कळायचं, बोट दाखवायची, पण तोंडाला कुलूप. शेजारचा तिच्याहून लहान पोरगा टीव्हीवरच्या जाहिराती पाठ म्हणायचा. ते ऐकून मनात यायचं, हिची जीभ जड तर नसेल? ही मुकी तर राहणार नाही?

सासूबाई आमच्या सावंतवाडीकडच्या. रोज सहाणेवर वेखंड उगाळून तिला चाटवायच्या. "जीभ सुटतली गो, घाय करू नको." आता आईला घाई नसणार तर कोणाला असणार?

शेवटी आमच्या मुलुंडच्याच एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कान तपासले, ठणठणीत. मग मुलांना बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला जवळ घेतलं.

"नाव काय बाळा तुझं?"

"आर्या," मी म्हटलं.

"आणि हे काय आहे?"

"बॉल! घरी लाल आहे ना गं आपल्याकडे?"

"भूक लागली का?"

"नाही मॅडम, आत्ताच उपमा खाल्लाय तिनं."

बाईंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि सोमवारी परत यायला सांगितलं. औषध? काही नाही! साधी बाटलीसुद्धा नाही. एवढं मोठं हॉस्पिटल आणि हात हलवत घरी?

बाहेर आले तर आवारात एक झाड. झाड कसलं, माझ्याहून थोडं उंच, उन्हानं कंटाळलेलं रोपटं. पण भोवती लोखंडी जाळी आणि पुढे दगडी पाटी. पाटी सगळी इंग्रजीत, मी सातवी शिकलेली. वॉचमनकाकांना विचारलं, "काका, ह्या काडीला एवढा बंदोबस्त?"

"काडी? ताई, हे डॉक्टर लोकांचं झाड हाय. तिकडे ग्रीस देशात ह्याचा आजोबा हाय, लई जुना. त्याच्या सावलीत म्हणे पयला मोठा डॉक्टर बसायचा, पोरांना डॉक्टरकी शिकवायचा. त्याच झाडाच्या फांदीचं रोप आणलंय मोठ्या साहेबांनी."

"मग पानाला गुण असेल ना?"

"असेलच ना! नायतर जाळी कशाला लावतील?"

तुम्हीच सांगा, तुम्हाला पटलं नसतं? सगळी डॉक्टरकी ज्या झाडाखालून निघाली, त्याचंच पान समोर असताना मधल्या डॉक्टरांकडे हेलपाटे कशाला?

"एक पान देता का?"

"तोडायचं नाय. पडलं तर माझं लक्ष नाय."

पान काही आपणहून पडेना. मग मी जाळीला जरा टेकले. जरा जोरात टेकले. पडलं एक! पंजासारखं पान, पाठीवर बारीक लव. पर्समध्ये घातलं आणि सुटले.

रविवारी सकाळी सहाण काढली. पान चुरडलं, रगडलं, मधात कालवलं. सासूबाई आल्या.

"ह्या कसला पान?"

"परदेशी वेखंड समजा, आई."

"माका ठावक नाय ता चेडवाच्या तोंडात जावचा नाय!"

"अहो, पोरीला देण्याआधी मी घेऊन बघते ना!"

आणि चांगलं चमचाभर चाटलं.

काय सांगू! घशात कोणीतरी खाजकुयली ओतावी तसं झालं. खोकले, खोकले, डोळ्यांतून पाणी. दुपारपर्यंत आवाज बसला. बसला म्हणजे पार गेलाच. मिस्टरांना हाक मारायला ताटावर वाटी वाजवायची वेळ आली. उरलेलं चाटण सासूबाईंनी मोरीत ओतलं.

सोमवारी तशीच गेले हॉस्पिटलात.

"नाव काय बाळा तुझं?" बाईंनी विचारलं.

मी तोंड उघडलं. नुसती फुस्स हवा!

आर्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. वाट पाहिली. आई काही बोलत नाही म्हटल्यावर बाईंकडे वळली आणि म्हणाली, "आया."

मी खुर्ची घट्ट धरली.

"आणि हे काय?"

"बॉल. लाल."

"भूक लागली का?"

"उपमा नको!"

मी रडले हो! तेही आवाज न करता. बाई हसल्या. "अहो, शब्द होते तिच्याकडे. मध्ये शिरायला जागा मिळत नव्हती. पण तुमच्या आवाजाला काय झालं?"

अर्धं खुणांनी, अर्धं फुसफुसत सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्या लवेनं घसा धरतो! ते झाड मान म्हणून लावलंय, चाटायला नाही. नशीब, मुलीला नाही दिलंत!"

म्हणजे झाडाचा गुण आला बघा. फक्त रोगी मी होते.

बुधवारी माझा आवाज परत आला. सकाळपासून मी बोलतेय, बोलतेय, तोवर स्वयंपाकघरातून सासूबाईंची कुजबूज ऐकू आली. मिस्टरांना विचारत होत्या, "दोन दिस घर कसा निवांत होता रे! त्या झाडाचा आणखी एक पान गावतला काय?"