चाळीसच्या आत

डॉमनिकचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. चहाच्या आधी तो वाडीतल्या शेडमध्ये जाई, डुक्कर फियाटच्या नाकाखाली हँडल अडकवी आणि चावी न लावता दोन पुरे फेरे मारी. दोन फेऱ्यांत चार सिलिंडर चारदा हाताला अडतात. चारही वेळा सारखा जोर लागला की हँडल भिंतीला टांगून तो चहाला बसे. मग सायकल काढून वसई पूर्वेच्या कारखान्यात, सातच्या पाळीला. तिथं तो फिटर होता, एकतीस वर्षं.

गाडी चौपन्न सालची. पुढून फुगीर, म्हणून मुंबईभर तिला डुक्कर म्हणत. सत्त्याहत्तर साली एका डॉक्टरच्या आवारात ती त्याला मिळाली, तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. तीन वर्षांचे सगळे रविवार घालून त्याने ती चालती केली. प्रत्येक बोल्ट स्वतः सोडला, स्वतः आवळला.

आणि मग ती गिरीज गावच्या नवरी मुलींची गाडी झाली. लग्न ठरलं की लोक आधी हॉल बघत, मग डॉमनिककडे येत. बोनेटला फुलं, पुढे बँड, मागे डुक्कर, चर्चपर्यंत. बँडवाले चालतील त्या वेगानं. अठरा वर्षं गाडी अशीच रांगली. गावात तिला म्हातारी म्हणत, आणि ते डॉमनिकला लागे. हे इंजिन शंभराला जातं हे त्याला ठाऊक होतं. त्या वेगात ते कुणीच ऐकलं मात्र नव्हतं. त्यानंही नाही.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात चंद्रहास शेडमध्ये आला. विरारला त्याचं गॅरेज होतं, दोघांची दोस्ती जुनी.

"डॉमू, चंदनसारच्या मागे बिल्डरनं रस्ता केलाय ना, अजून उघडला नाही तो? दीड किलोमीटर सरळ. तिथं जुन्या गाड्यांची शर्यत आहे. डिसेंबरचा दुसरा रविवार. तुझं नाव देऊन आलो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू सहा महिने विचार केला असतास. आणि डिसेंबरात तुझ्या नवऱ्या नसतातच."

ते खरं होतं. नाताळाआधीच्या आगमनकाळात गावात लग्नं लागत नसत. गाडी रिकामीच होती.

मॅग्डलीन, त्याची बायको, चहा घेऊन आली होती. तिनं कप आपटूनच ठेवला.

"दहा जानेवारीला थेरेसाचं लग्न आहे. अख्ख्या गावाच्या पोरी या डुकरात बसून चर्चला गेल्या. आता आपल्या पोरीची पाळी, तर तुम्ही इंजिन फोडून आणणार?"

"फुटणार नाही."

"लिहून देता?"

डॉमनिकनं लिहून दिलं नाही. त्या रात्री झोपही नीट लागली नाही. पळवायची तर होतीच. पण पोरगी पाच वर्षांची असल्यापासून प्रत्येक नवरीमागे धावली होती, माझ्या लग्नात मी बसणार म्हणत.

पहाटे त्यानं हँडल मारलं. एक, दोन. तिसऱ्यांदा हात सरकला. चार. पुन्हा दोन फेरे मारले. त्याच जागी मऊ. प्लग काढून एकेक सिलिंडर तपासलं. तिसरं गेलं होतं. पिस्टनच्या रिंगा घासल्या होत्या, सिलिंडरची भिंत झिजली होती. नवऱ्या न्यायला हे इंजिन अजून चार वर्षं चाललं असतं. दीड किलोमीटर पुऱ्या वेगानं न्यायला नाही.

चंद्रहासनं ऐकून घेतलं. "जाड ऑइल ओत. जोर येतो. तेवढं अंतर निघून जाईल."

"आणि पुढे?"

"पुढचं पुढे. नाहीतर माझी ती पद्मिनी घे. एक दार नाही, पण इंजिन टकाटक. तुझ्या जादा पाळ्यांच्या पैशांत देतो. ती पळव, डुकराला हात लावू नको. पोरगीही खूश, वहिनीही खूश."

दोन वर्षं रविवारी कामावर जाऊन डॉमनिकनं ते पैसे बाजूला टाकले होते. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं. तो पद्मिनी बघून आला, चालवूनही आला. इंजिन खरंच चांगलं होतं.

"काय झालं?" चंद्रहासनं विचारलं.

"पळते. पण त्यात मी काय केलंय? दुसऱ्यानं बांधलेलं इंजिन, मी फक्त पाय दाबायचा."

"मग नाव काढू?"

"पुढच्या वर्षीचं लिही."

डिसेंबरात लोक शर्यतीला गेले तेव्हा फियाटचं इंजिन शेडमधल्या फळीवर सुटं पडलं होतं. ब्लॉकला नवं बोअर करून घेतलं, म्हणजे चारही सिलिंडर आतून किंचित मोठी कापून घेतली, आणि त्या मापाचे पिस्टन आणले. एक पिस्टन केसाएवढा घट्ट वाटला, तो त्यानं परत नेऊन बदलून आणला. नाताळच्या आदल्या दिवशी इंजिन चालू झालं. मॅग्डलीन केक टाकून बाहेर आली.

"आता पळणार का?"

"आता मुळीच नाही. नवं बोअर आहे, आधी ते नीट बसायला हवं. पहिले हजार किलोमीटर चाळीसच्या आत."

"म्हणजे पुन्हा म्हातारीच!" ती हसत सुटली.

दहा तारखेला थेरेसा बँडच्या मागे, फुलांच्या मागे बसून चर्चला गेली. मागच्या सीटवरून म्हणाली, "पप्पा, जरा जोरात न्या ना, बँडवाल्यांना पळवू."

"इंजिन नवं आहे. गप बस."

त्या लग्नसराईत अकरा नवऱ्या झाल्या. उरलेले किलोमीटर डॉमनिकनं रविवारी अर्नाळ्यापर्यंत जाऊन-येऊन भरले. मागून रिक्षावाले हॉर्न मारीत. एकानं तर गाडी आडवी घालून विचारलं, "काका, धक्का देऊ का?" डॉमनिकनं काटा बघितला. अडतीस.

पुढच्या डिसेंबरात चंदनसारला सात गाड्या उभ्या होत्या. हेल्मेट घालून डॉमनिक बसला, तर बाजूचं दार उघडून मॅग्डलीन आत आली.

"तू कुठं?"

"लग्नाला मी चर्चला पायी गेले. तेव्हापासून या गाडीत सगळ्या बसल्या, मी सोडून. एक हेल्मेट मलाही द्या."

झेंडा पडला. डॉमनिकनं पाय दाबला तो उचललाच नाही. चाळीस, साठ, ऐंशी. मग वीस वर्षं आत कोंडलेला तो आवाज आला, भरीव आणि एकसारखा, चारही सिलिंडरचा. मॅग्डलीननं डॅशबोर्ड घट्ट धरला होता आणि ती ओरडत होती. घाबरून नव्हे. पुढे घाला, पुढे घाला, म्हणत होती.

गाडी तिसरी आली. काटा सत्त्याण्णववर गेला होता. चंद्रहास म्हणाला, पद्मिनी घेतली असतीस तर वर्षभर आधी आला असतास. डॉमनिक बोनेट उघडून ऑइल बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी साडेचारला त्यानं हँडल मारलं. चारदा सारखा जोर लागला. दोन वर्षांच्या रविवारच्या पाळ्यांनी घेतले ते चार पिस्टन, रिंगांचा एक संच, ब्लॉकचं बोअर, आणि राहिलेल्या पैशांतून मॅग्डलीनच्या मापाचं एक हेल्मेट.